जीपीएल थ्रीला एवढं घाबरता कशाला?

अंधेरीच्या सीप्झ पट्ट्यात कुठल्याही सॉफ्टवेअर टीममध्ये बसा, कधी ना कधी ऐकू येतंच, "जीपीएल टू असेल तर घे रे, थ्री नको, लीगलवाले डोकं खातात." जीपीएल म्हणजे कोड वापरा, बदला, वाटा, पण वाटलात तर सोर्सही (माणसाने लिहिलेला मूळ कोड) त्याच अटींवर द्या, असं सांगणारं लायसन्स, आणि टू, थ्री या त्याच्या आवृत्त्या. मला हे थ्रीला घाबरणं साफ उलटं वाटतं, कारण चुकलेल्याला सांभाळून घेणारं लायसन्स थ्रीच आहे.

टू आलं जून १९९१ मध्ये. त्याचं कलम ४ वाचा, अटी मोडून कोड वाटलात की हक्क तिथेच संपले, आणि नंतर सगळं नीट केलंत तरी ते आपोआप परत मिळतील असं त्यात कुठेच नाहीये. थ्री आलं २९ जून २००७ ला, आणि त्याच्या कलम ८ मध्ये सरळ लिहिलंय की चूक थांबवलीत आणि त्यानंतर ६० दिवसांत कॉपीराइटवाल्याची नोटीस आली नाही तर हक्क कायमचे परत, आणि त्याच्याकडून पहिल्यांदाच नोटीस आली असेल तर ३० दिवसांत दुरुस्ती करा की झालं. डेडलाइनच्या गडबडीत बायनरीबरोबर (चालवायला तयार प्रोग्रॅमबरोबर) सोर्स द्यायचा राहून गेला, हे छोट्या टीमचं होऊ शकतं ना, मग त्यांच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे! २०१७ मध्ये तर रेड हॅट, आयबीएम, गूगल, फेसबुक यांनी आपल्या टूवाल्या कोडलाही हीच मुदत देऊ असं जाहीर केलं.

मग भीती आली कुठून, तर टिवो या कंपनीवरून. त्यांच्या टीव्ही रेकॉर्डरमध्ये लिनक्स (जीपीएल टूवाली ऑपरेटिंग सिस्टिम) होतं, सोर्सही मिळायचा, पण तुम्ही बदललेला कर्नल (सिस्टिमचा गाभा) टाकला की डिजिटल सही जुळत नाही म्हणून बॉक्स तो चालवायचाच नाही. थ्री म्हणतं, घरगुती वापराच्या वस्तूत हा कोड घालून विकताय तर बदललेला कोड बसवायला जे लागतं ते पण द्या, डिजिटल सहीची किल्ली लागत असेल तर तीसुद्धा. मला हे शंभर टक्के पटतं, पैसे मोजून घेतलेली वस्तू माझी आहे. आणि ज्यात बनवणाऱ्यालाही नंतर काही बदलता येत नाही, कोड रॉममध्येच आहे, त्याला यातून सूट आहे, हे कोणी सांगतच नाही.

आपल्याकडे बहुतेक जण वेब बॅकएंड (वेबसाइटचा सर्व्हरवर चालणारा भाग) लिहितात, त्यांना हे लागूच होत नाही. नुसतं सर्व्हरवर चालवणं म्हणजे वाटणं नाही, त्यामुळे साध्या जीपीएलचा कोड बदलून सर्व्हिस चालवलीत तरी सोर्स द्यायची सक्ती नाही. ही फट नको असेल तर एजीपीएल थ्री हे जीपीएलचं भावंड घ्या (नोव्हेंबर २००७), त्याचं कलम १३ सांगतं की बदललेली आवृत्ती नेटवर्कवरून वापरणाऱ्यांनाही सोर्स मिळाला पाहिजे. तुमचं काम कोणीतरी उचलून बंद सर्व्हिस म्हणून विकू नये असं वाटत असेल तर हेच घ्या.

आणि कोडच्या फाइलच्या वरची लायसन्स सांगणारी ती कॉमेंट नीट वाचा प्लीज, सगळे न बघता कॉपी-पेस्ट करतात! "टू किंवा त्यानंतरची कुठलीही आवृत्ती" आणि "फक्त टू" यात फार फरक आहे. लिनक्स कर्नल फक्त टू आहे. जीपीएल काढणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते अपाची २.० या दुसऱ्या लायसन्सची लायब्ररी (आयता वापरायचा कोड) फक्त-टूवाल्या कोडशी जुळत नाही, थ्रीशी जुळते. "त्यानंतरची" हे शब्द असतील तर तुमचा कोड थ्रीखाली घेऊन ती लायब्ररी जोडता येते, नसतील तर ज्यांनी ज्यांनी पॅच (कोडमधला बदल) पाठवलाय त्या प्रत्येकाची परवानगी काढत बसा.