आमची वाटचाल : २५६ एमबीतला ब्राउझर

२००९ साली धायरीतल्या दोन खोल्यांत आम्ही दोघा भागीदारांनी काम सुरू केले, तेव्हा एक बीगलबोर्ड (एकाच छोट्या पाटीवरचा संगणक), एक जुना संगणक आणि एक सीरियल केबल एवढेच आमचे भांडवल होते. बोर्डावर रॅम २५६ एमबी, आणि तेवढ्यात क्यूटी-वेबकिटवर (वेबपाने दाखवणाऱ्या ‘वेबकिट’ इंजिनाचे ‘क्यूटी’ या सॉफ्टवेअर-संचातले रूप) बेतलेला ब्राउझर पूर्ण पडद्यावर दिवसभर न अडकता चालवून दाखवायचा, हा आमचा हट्ट. ती केबल अजून माझ्या टेबलावर आहे. तिचे एक टोक मी स्वतः सोल्डर केलेले आहे. पडदा काळा पडला, नेटवर्क गेले, तरी कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, काय म्हणतो आहे ते मिनिकॉम या प्रोग्रॅममध्ये ११५२०० बॉडच्या वेगाने तिच्यातूनच कळते. हल्लीची मुले थेट एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून, बोर्डावर शिरतात आणि बोर्ड बूटच झाला नाही की हात चोळत बसतात. त्यांनी आधी ही केबल हाताळावी.

वेबकिटचा बिल्ड, म्हणजे मूळ कोडपासून चालता प्रोग्रॅम बनवण्याचे काम, लावून रात्री घरी जायचे आणि सकाळी येऊन, अगदी शेवटच्या लिंकिंगच्या, म्हणजे तुकडे जोडण्याच्या, पायरीवर मेमरी संपल्यामुळे लिंकरच मारला गेलेला पाहायचा, असे कितीतरी दिवस गेले. डीबग माहिती वगळा, लिंकरला ‘नो-कीप-मेमरी’ हा मेमरी वाचवणारा पर्याय सांगा आणि बिल्ड चालवणाऱ्या ‘मेक’ची समांतर कामे कमी करा. नवा संगणक घेण्याआधी एवढे करून पाहण्यास काहीच खर्च येत नाही.

आमचे पहिले खरे ग्राहक म्हणजे भोसरीचे, पत्र्याच्या कामाचा कारखाना असलेले एक गृहस्थ. त्यांना आम्ही सगळेच काका म्हणतो. बाजार समित्यांसाठी ते भावफलकाचे किऑस्क, म्हणजे पडदा बसवलेले खोके, बनवत. पहिला किऑस्क सुरू झाला तेव्हा काकांनी पडद्यावर बोट ठेवून एवढेच विचारले, “हे काय लिहिलंय?” ‘शेतकऱ्यांसाठी’ या शब्दाचे ‘शेतकर्यांसाठी’ झाले होते. मजकूर टंकणाऱ्याने र, हलन्त आणि त्यापुढे जोडणारा अदृश्य वर्ण वापरला होता, आणि अक्षराचा आकार ठरण्याआधीच तो वर्ण आमच्या ब्राउझरात गळत होता. त्यामुळे आडव्या रफाराच्या जागी डोक्यावरचा रफार येई. ज्याला दर्या आणि दऱ्या यांतला फरक ठाऊक नाही, त्याला हा दोष चाचणीत कधीच सापडला नसता. पाच दिवस खपून आम्ही तो काढला, आणि त्याचे पैसे काकांनी न मागता दिले.

२०१४ साली भागीदार बाहेर पडले आणि त्यांनी त्याच धंद्यात स्वतःची कंपनी काढली. वेबकिटमधल्या आमच्या दुरुस्त्या, म्हणजे पॅच, त्यांच्या किऑस्कांत दिसू लागल्या, याबद्दल माझी तक्रार नाही. वेबकिटचा गाभा एलजीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, ग्राहकाला बायनरी (चालता प्रोग्रॅम) दिली की सोर्सही (मूळ कोड) द्यावा लागतो, आणि त्यांतले निम्मे पॅच त्यांनीच लिहिलेले होते, हे मी नाकारत नाही. माझी तक्रार आहे ती फायलींच्या माथ्यावरून आमच्या कंपनीच्या कॉपीराइटची ओळ खोडली गेली याची. परवाना कोड घेऊ देतो, ती ओळ खोडू देत नाही.

खरा फटका त्यानंतर बसला. क्यूटी ५.५ मध्ये वेबकिट कालबाह्य ठरवले गेले आणि २०१६ च्या ५.६ मधून ते काढलेच गेले. त्याच्या जागी आलेले, गूगलच्या क्रोमियम ब्राउझरवर आधारलेले वेबइंजिन काकांच्या ५१२ एमबीच्या बोर्डावर दुसरे पान उघडताच मेमरीअभावी मारले जाई. माजी भागीदारांनी ग्राहकांना सरळ नवे, मोठे बोर्ड विकले. आमचे तीन ग्राहक तिकडे गेले, कामावरच्या दोन मुलांना मला निरोप द्यावा लागला आणि सात महिने मी स्वतः पगार घेतला नाही. चूक माझीही होती. त्रेचाळीस पॅच आम्ही मूळ प्रकल्पाकडे न पाठवता स्पर्धेच्या भीतीने पोटाशी धरून ठेवले होते, आणि पायाच सरकल्यावर ते सगळे एकट्याने वाहायची पाळी आली. पॅच पाठवा. परीक्षक दहा वेळा परत करतील, तरी पाठवा.

काकांनी मात्र बोर्ड बदलायला नकार दिला. “चालतंय ते कशाला फेकायचं?” म्हणाले आणि वर्षभराचे देखभालीचे पैसे आगाऊ देऊन गेले. त्या पैशांवर आम्ही २०१७ मध्ये डब्ल्यूपीईकडे वळलो. हे वेबकिटचेच अधिकृत रूप झाले होते, त्याला क्यूटी किंवा तसाच जीटीके हा संच लागत नाही आणि ते थेट ईजीएल या ग्राफिक्सच्या थरावर पान रंगवते. अडचण होती ती बोर्डाच्या आय.एमएक्स-६ चिपवरच्या विवांते जीपीयूच्या (पडद्यावरचे चित्र रंगवणाऱ्या भागाच्या) बंदिस्त ड्रायव्हरची. खुल्या एटनाविव ड्रायव्हरवर गेल्यावरच पडद्याचे लुकलुकणे थांबले.

पुढची चार वर्षे बरी गेली.

३० सप्टेंबर २०२१ च्या संध्याकाळी साडेसातला सर्व्हरची ओळख पटवणारी प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीतल्या जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचे जुने, ओपनएसएसएल या सुरक्षित जोडणीच्या सॉफ्टवेअरच्या १.०.२ आवृत्तीवर चालणारे किऑस्क त्यांच्याच सर्व्हरला ओळखेनासे झाले. नवे प्रमाणपत्र किऑस्कमधल्या प्रमाणपत्रांच्या भांडारात होते. तरीही जुने सोबत असले की ही आवृत्ती त्याच्याकडेच जाऊन अडते. जुने काढून टाकले की काम झाले. दुपारपर्यंत सगळे किऑस्क सुरू होते.

संध्याकाळी सात वर्षांत पहिल्यांदा माजी भागीदारांचा फोन आला. त्यांच्याकडचे आमच्या कोडवरचे जुने किऑस्कही बंद पडले होते. कोणती फाइल उघडायची आणि कोणते प्रमाणपत्र काढायचे, ते मी फोनवरच सांगितले. कॉपीराइटच्या ओळीचाही विषय काढला, तेव्हा “बघतो” म्हणाले. ती ओळ अजून परत आलेली नाही.