दरवाजा लावायचा हुकूम कोण देतं?

कोल्हापूरच्या माणसाला पावसाळ्यात जगात कुठंही नेऊन ठेवा, सकाळी उठून तो आधी पंचगंगेची पातळी बघणार. मी नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमजवळ राहतो, बरीच वर्षं झाली आता, तरी जुलै-ऑगस्टात फॅमिली ग्रुपवर राजाराम बंधाऱ्याचा आकडा पडला की हातातलं काम थांबतं. 39 फूट इशारा, 43 फूट धोका, आम्हाला हे पाढ्यांसारखं पाठ आहे. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं आणि मी इथं बसून नुसता फोन रिफ्रेश करत होतो.

तर सप्टेंबरात आई-बाबा इकडं आले होते, तेव्हा मुद्दाम त्यांना मास्लांटकेरिंगची, म्हणजे वादळात समुद्राचं पाणी अडवणाऱ्या दरवाजांची, टेस्ट दाखवायला नेलं. हूक फान हॉलंडच्या अलीकडं, जिथून रॉटरडॅम बंदराची जहाजं ये-जा करतात त्या कालव्याच्या तोंडाशी हे दोन दरवाजे आहेत, 1997 साली सुरू झालेले. एकेक दरवाजा 210 मीटर लांब, 22 मीटर उंच, पांढराशुभ्र, आणि एरवी काठावरच्या कोरड्या गोदीत गप पडून असतो. वर्षातून एकदा, वादळांचा सीझन सुरू व्हायच्या आधी, ते लावून बघतात आणि लोक डबे-बिबे घेऊन बघायला येतात, आपल्याकडं धरण भरलं की कसे जातात तसंच.

दरवाजा सरकताना बघायला मजा येते पण तो जाम हळू जातो. आधी गोदीत पाणी सोडतात, दरवाजा तरंगतो, मग त्याला ढकलत कालव्याच्या मध्यापर्यंत नेतात, आणि तिथं त्याच्या पोटात पाणी भरून तो तळाला बसवतात. लागायला दोन-अडीच तास सहज जातात. आईनं तेवढ्यात दोन वेळा चहा संपवला.

बाबा निवृत्त झाले तरी डोकं पाटबंधारे खात्याचंच. पहिला प्रश्न, "हुकूम कोण देतं? कलेक्टर?"

म्हटलं, कुणीच नाही, कॉम्प्युटर देतो.

त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. पण खरंच तसंय. बॉस नावाची एक सिस्टीम आहे (नाव डच शब्दांची आद्याक्षरं घेऊन केलंय, आपल्या कानाला मात्र अगदी बरोबर वाटतं). समुद्राच्या पातळीचे मोजमाप, नदीतून येणारं पाणी, वाऱ्याचा अंदाज हे सगळं तिच्याकडं सतत येत असतं, त्यावरून ती पुढच्या काही तासांत रॉटरडॅमला पाणी कुठवर चढेल याचं गणित मांडते, आणि उत्तर 3 मीटरच्या वर आलं की दरवाजे लावायचा निर्णय तीच घेते. प्रत्यक्ष पंप, झडपा, मोटारी हलवणारी सिस्टीम वेगळी, तिला बॉसकडून ऑर्डर येते. आत किती पाणी भरलं, दरवाजा कुठवर बुडाला हे परत सेन्सर सांगतात, मग पुढची पायरी.

"तीन मीटर म्हणजे दहा फूटच की! एवढ्याला एवढा तमाशा?" बाबा म्हणाले. कोल्हापूरकराला दहा फूट म्हणजे उन्हाळाच. पण इथला शून्य समुद्रसपाटीच्या आसपास धरलेला, आणि रॉटरडॅमच्या पलीकडं काही जमीन त्या शून्याच्याही साडेसहा मीटर खाली आहे. 1953 च्या वादळात एका रात्रीत बांध फुटले आणि या देशात 1,836 माणसं गेली, त्यानंतर यांनी समुद्राशी चेष्टा करायची सोडली.

माणसाच्या हातात का नाही ठेवलं? तर दरवाजा लावला की या कालव्यातली जहाजांची ये-जा थांबते. मध्यरात्री, वादळात, जहाजवाल्यांचे फोन चालू असताना माणूस म्हणणार, थांबा अजून अर्धा तास बघू. आणि तो अर्धा तासच घात करतो.

अर्थात सेन्सरवर आंधळा विश्वास ठेवायची माझी तयारी नाही. आमच्या घरातला धुराचा अलार्म आईच्या फोडणीला रोज बोंबलायचा, बाबा पेपर हलवत त्याच्याखाली उभे. त्या बिचाऱ्याला धूर कळतो, मिरची कळत नाही. म्हणून बॉस एका काट्यावर उडी मारत नाही, अनेक आकडे आणि पुढचा अंदाज बघते. शिवाय दरवाजा लावला म्हणून सुटका नाही, मागून नदी येतच असते, ती आत तुंबते. बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली गेली की दरवाजा उचलून नदीचं पाणी सोडायचं, हेही तीच ठरवते.

डिसेंबर 2023 मध्ये पिया वादळात ते पहिल्यांदा खरोखर घडलं, अंदाज 3 मीटरच्या वर गेला आणि दरवाजे आपोआप लागले. माणसं होती तिथं, पण लक्ष ठेवायला. मी त्या रात्री घरी खिडक्या खडखडताना ऐकत होतो.

बाबा सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "मग आमच्या राधानगरीला काय आहे?" आणि मी गप्पच झालो. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे! ठरलेल्या पातळीला पाणी आलं की दरवाजा आपोआप उघडतो, पाणी उतरलं की आपोआप मिटतो, कॉम्प्युटर नाही, बटण नाही. तिथं पाणीच सेन्सर आणि पाणीच बॉस. फरक एवढाच की राधानगरीचा दरवाजा आलेलं पाणी बघतो, हा येणारं बघतो. हे मी म्हटलं तेव्हा बाबांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

आता ते कोल्हापुरात आहेत. इकडं वारं सुटल्याची बातमी कुठं वाचली की त्यांचा मेसेज येतो, "हूकला किती?" मी सेंटीमीटरमध्ये पाठवतो, ते फुटात करून ग्रुपवर टाकतात.