मार्फतचा पत्ता

देवगडात आंबा तोडणीला आला की मला कॅमेऱ्यांसाठीच फोन येतात. मी कणकवलीहून राऊटर, कॅमेरे बसवत फिरतो. त्या दिवशी बागवाल्या तात्यांची तक्रार साधी होती: बागेतले चार कॅमेरे घरात बसून दिसतात, मुंबईतल्या मुलाला दिसत नाहीत. कॅमेरा कंपनीच्या क्लाऊडमधून दिसले असते, पण मुलगा स्वतः सॉफ्टवेअरमधला. आपल्या बागेचं चित्र परक्याच्या सर्व्हरवरून फिरायला नको, हा त्याचा हट्ट.

बारा ते तीन मी पोर्ट फॉरवर्डिंगशी, म्हणजे बाहेरून आलेली हाक राऊटरने आतल्या ठराविक यंत्राकडे पोचवायच्या सोयीशी, झटापट केली. कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या रेकॉर्डरचा पत्ता १९२.१६८.१.२०, पोर्ट बरोबर, राऊटर तीनदा बंद-चालू. बाहेरून काही उघडेना. मग राऊटरला इंटरनेट कंपनीकडून मिळालेला पत्ता बघितला. सुरुवात १००.७२ ने. कपाळावर हात मारला, कारण हे पहिल्या मिनिटाला बघायचं असतं. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ साली इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवला गेला. बाहेरच्या जगात हा पत्ता चालतच नाही.

तात्या म्हणाले, "माका कळात असा सांग."

तात्या गिरणीत होते तेव्हा गावकऱ्यांच्या खोलीत राहायचे. म्हटलं, "तात्या, खोलीत वीस जण, पत्ता एकच. तुम्ही पत्र पाठवलंत तर उत्तर कोणाचं ते खोली सांभाळणाऱ्याला ठाऊक असतं. पण नाव न घालता कोणी आपणहून पत्र पाठवलं, तर तो ते कोणाला देणार?"

"फेकून देतलो."

तेच होत होतं. घरच्या राऊटरला मी सगळं समजावलं होतं, पण त्याच्या पुढे कंपनीची आणखी मोठी खोली होती आणि तिची चावी माझ्याकडे नव्हती. इंटरनेटवरच्या पत्त्यांची जुनी पद्धत, आयपी व्ही-फोर, १९८१ ची. पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. माणशी एकही पुरत नाही. मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे पाच गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून संपले. तेव्हापासून ही मार्फतची वस्ती वाढतेच आहे.

नव्या पद्धतीचा, म्हणजे व्ही-सिक्सचा, पत्ता १२८ बिटांचा, तिथे टंचाईचा प्रश्नच नाही. नशिबाने तात्यांच्या लाईनवर तो येत होता. रेकॉर्डरमध्ये बंद होता, तो चालू केला आणि त्याला थेट जगाचा पत्ता मिळाला. फेसबुकवर कोणी 'व्ही-सिक्सने नेट पळतं' असं लिहिलं तर मी वाद घालत नाही; मला तरी फरक जाणवलेला नाही. त्याचा उपयोग वेगळा: मधला खोलीवाला जातो. पण मग दार आपणच सांभाळायचं. राऊटरच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे बाहेरच्यांना अडवणाऱ्या पहाऱ्यात, त्या एका पत्त्याचं एकच पोर्ट उघडलं आणि रेकॉर्डरचा पासवर्ड आधी बदलला. तो १२३४५६ होता.

मुलाने मोबाईल डेटावरून लिंक उघडली. "दिसतंय! खालच्या कलमावर वांदर!" तात्या काठी घेऊन धावले.

ते परत येईतो लाईट गेली. आली तेव्हा चित्र गायब. पत्त्याचा पुढचा अर्धा भाग कंपनी देते, मागचा अर्धा उपकरणाचा. राऊटर पुन्हा जोडला गेला तशी कंपनीने पुढचा भाग नवा दिला होता. आमच्याकडे लाईट किती वेळा जाते हे सांगायला नको. मग पत्ता बदलला की आपोआप नवी नोंद करणारं डीडीएनएसचं नाव लावलं, फायरवॉलचा नियम मागच्या अर्ध्या भागावर बांधला. मेन स्विच दोनदा पाडून बघितला, चित्र परत आलं. तोवर दिवेलागण झाली होती.

दुसऱ्या दिवशी अकराला मुलाचा फोन. ऑफिसच्या वायफायवरून काहीच उघडत नव्हतं. तिथे अजून निव्वळ व्ही-फोर, त्याला व्ही-सिक्सचा पत्ता गाठताच येत नाही. मोबाईल डेटावर जा म्हटलं, तर ऑफिसात जागेवर रेंज नाही.

तात्यांना कळवलं. ते क्षणभर गप्प राहिले.

"म्हणजे तो हापिसात आसता तवसर वांदरांची मजा?"