ओल्ड गोव्याची पायवारी: खुर्स कुणी धरायचा?

सावंतवाडीहून ओल्ड गोव्याला पायी जायचं तर बांदा, पत्रादेवी, म्हापसा, पर्वरी, पणजी आणि मग रायबंदर. 60-70 किलोमीटर भरतात, दोन मुक्काम पुरतात. 3 डिसेंबरला गोंयच्या सायबाचं, म्हणजे संत फ्रान्सिस झेविअरचं फेस्त. 24 नोव्हेंबरपासून नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, लागते. आम्ही 1 तारखेला पहाटे तीनला निघतो, उन्हं चढायच्या आत निम्मा टप्पा उरकावा म्हणून.

निघण्याआधी कोपेलात (छोट्या प्रार्थनाघरात) दोन गोष्टी पक्क्या होतात. ओळख सांगताना नाव आणि गाव, एवढंच. कितवी वारी ते सांगायचं नाही. एकाने आपला आकडा सांगितला की पुढचा स्वतःचा जुळवायला लागतो आणि पहिल्यांदाच आलेला पोरगा कोपऱ्यात गप्प बसतो. दुसरी गोष्ट, खुर्स, म्हणजे क्रूस, कुणी कधी धरायचा तो क्रम कागदावर लिहायचा.

खुर्स साधा लाकडी, पाच फुटी, चार-पाच किलोंचा. तेर्साचं (जपमाळेच्या प्रार्थनेचं) एक रहस्य, म्हणजे मरियेला म्हणायच्या दहा ‘नमान मोरिये’, संपलं की हात बदलतो. त्याला साधारण चार मिनिटं लागतात आणि तेवढ्यात अडीचशे मीटर चालून होतं. बांद्याच्या अलीकडे अंधारात तो कुणी मागत नाही. रायबंदरच्या पुढे मांडवीकाठी गर्दी लागली, मोबाइल वर झाले, की सगळ्यांनाच हवा असतो. त्यामुळे शेवटच्या टप्प्याचे नंबर आदल्या मुक्कामीच चिठ्ठ्या टाकून ठरतात. मिळालेली चिठ्ठी बदलून घ्यायची नाही आणि खुर्स खांद्यावर असताना स्वतःचा फोटो काढून घ्यायचा नाही. यावर दरवर्षी कुरकुर होते. होऊ दे.

तेर्स सांगणाऱ्याचंही तसंच. ज्याचा आवाज चांगला तोच पाचही रहस्यं ओढतो आणि बाकीचे ऐकणारे होऊन बसतात. म्हणून एकाला एकच रहस्य, मग त्याचा आवाज कसाही असो. रांग लांबली की मागच्यांना पुढचं ऐकू येत नाही आणि प्रार्थनेचे दोन तुकडे पडतात; पंधरा-पंधराचे गट केले की हे टळतं.

चाल ठरवते ती सगळ्यांत संथ बाई, म्हणून ती पुढे. सगळ्यांत दणकट गडी शेवटी: हातात बॅटरी, अंगात चमकणारं जॅकेट, पाठीवर औषधांची पिशवी. हायवेवर रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील असं चालायचं. मेजवानीत खालच्या जागी बसा असं प्रभूने सांगितलं (लूक 14), ती खालची जागा इथे रांगेच्या शेवटची. तिथल्या माणसाला चहा थंड मिळतो, तेर्स अर्धवट ऐकू येतो आणि कौतुक पोचतच नाही.

आता फोड. नवा बूट, भिजलेला मोजा, सैल नाडी ही कारणं सगळ्यांना ठाऊक असतात. खरी पंचाईत करतो तो लपवलेला फोड. टाच चुरचुरायला लागली की तिथेच थांबून पट्टी लावायची. पाच मिनिटांचं काम. पण ‘मला काही होत नाही’ म्हणणारा म्हापशापर्यंत लंगडतो, तिथे बसतो आणि मग चौघांना त्याच्यापायी थांबावं लागतं. सामानाच्या गाडीत बसायला लाज वाटली, तर तो अहंकारच, त्याला तपश्चर्येचं नाव देऊ नये. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात घालायची. घाईत ग्लासभर पाण्यात ओतणारे निघतात, त्याने त्रास वाढतो.

मुक्कामाला घमेल्यात कोमट पाणी घेऊन एकमेकांचे पाय धुतो. धुणारे पुष्कळ मिळतात. धुऊन घ्यायला कुणी तयार नसतं. ‘नको गो बाय, माझे पाय घाण आहेत,’ म्हणत मोठी माणसं पाय आखडून घेतात; येशू पाय धुवायला आला तेव्हा त्याचा शिष्य पेत्र यानेही हेच केलं होतं. मग आम्ही धुणाऱ्यांनाच आधी स्टुलावर बसवतो. भांड्यांचंही असंच: एकच माणूस दोन्ही रात्री टोप घासायला धावतो आणि दुसऱ्याला हात लावू देत नाही. सेवा बळकावणं ते हेच. कामाच्या यादीत नाव नसेल त्याने झोपायला जावं.

वाटेत लोक पाणी देतात, पाया पडायला येतात, ‘तुम्ही मोठे पुण्यवान’ म्हणतात. वाद घालत बसायचं नाही. ‘छे, मी कसला’ म्हटलं की समोरचा आणखी दोनदा कौतुक करतो, आणि आतून तेच हवं असतं. ‘देव बरें करूं’ म्हणायचं, पाणी प्यायचं, चालू लागायचं. पुढच्या रहस्यात त्या घरासाठी प्रार्थना.

सायब 1542 मध्ये गोव्यात उतरले ते पोपचे प्रतिनिधी म्हणून. अधिकारपत्रं त्यांनी बिशपांच्या पायाशी ठेवली, राहिले इस्पितळात, आणि हातात घंटा घेऊन रस्त्यातून मुलांना शिकवणीला बोलवत फिरले. ओल्ड गोव्याच्या बॉम जेझू चर्चमध्ये शिरल्यावर लोक थेट उजवीकडे सायबाच्या शवपेटीकडे वळतात. आम्ही आधी परमप्रसादापुढे (भाकरीच्या रूपातल्या येशूपुढे) गुडघे टेकतो, मग सायबाकडे. मुख्य आल्तारावर (वेदीवर) संत इग्नेशियसचा मोठा पुतळा आहे. त्याची नजर वर, येशूच्या नावाच्या सूर्यासारख्या चक्राकडे लागलेली. ‘देवाच्या अधिक गौरवासाठी’ हे ज्या येशूसंघाचं (जेझुइटांचं) ब्रीद, त्याच्या या संस्थापकाचा पुतळा तिथे असाच हवा. सायबाकडे मागायची ती मध्यस्थी, देणारा देव.

परतल्यावर इगर्जीत (चर्चमध्ये) साक्ष द्यायची ती तीन वाक्यांत: काय मागितलं, देवाने काय दिलं, वाटेत कुणाकुणाचे हात लागले. फोडांची संख्या आणि किलोमीटर त्यात येत नाहीत. गोळा झालेल्या पैशांचा हिशेब त्याच दिवशी फादरांच्या हाती जातो. आणि यंदाचा पुढारी पुढच्या वर्षी सामानाच्या गाडीबरोबर, त्याचा कितीही आग्रह असला तरी.