तो अपवाद आहे

“मगर पालीपेक्षा पक्ष्यांना जवळची आहे, असे तुम्हीच सांगता; मग सरपटणाऱ्या प्राण्यांचा वर्ग अजून का शिकवता?” हे तुम्ही इतक्यांदा विचारलेत की आता लेखी उत्तर देणे भाग आहे.

सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनिअसने 1758 मध्ये साप, कासव आणि बेडूक एकाच वर्गात घातले होते. निसर्गअभ्यासक लॉरेन्टीने 1768 मध्ये सरीसृप (सरपटणारे प्राणी) हे नाव रूढ केले, तेव्हाही बेडूक त्यातच होते. या वर्गाची डागडुजी जुनीच आहे. तो मी आखलेला नाही, मी केवळ शिकवतो, असे उत्तर मी बरीच वर्षे देत असे.

मगरीचा सर्वांत जवळचा आप्त कोण, असा प्रश्न मी एकदा चाचणीत विचारला होता. एका मुलीने लिहिले: चिमणी, कारण दोघींचे हृदय चार कप्प्यांचे असते. मी फुली मारली. तेवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चालले असते; पण मी ते उत्तर वर्गात मोठ्याने वाचले आणि हशा पिकवला. तो ओसरल्यावर ती उभी राहिली व म्हणाली, “सर, मगरीच्या हृदयाचे तुम्हीच शिकवले होते.” मी म्हणालो, “तो अपवाद आहे.” ती खाली बसली आणि त्या वर्षात तिने पुन्हा काही विचारले नाही.

केवळ हृदयावरून नाते ठरत नाही, हे मी आजही म्हणेन. सस्तन प्राण्यांचे हृदयही चार कप्प्यांचेच असते. तिचे कारण अपुरे होते. परंतु मी कारण खोडले नव्हते, उत्तर खोडले होते, आणि ते बरोबर होते. मगरी, डायनोसॉर व पक्षी एकाच शाखेतले. पाल आणि साप यांची शाखा त्याआधीच वेगळी झाली. पक्ष्यांना बाहेर ठेवून उरलेल्यांचा वर्ग करणे म्हणजे वंशावळीतून एक घराणे वगळणे होय.

तरीही तो वर्ग मोडीत काढायला मी तयार नाही. खवले, बाहेरच्या उष्णतेवर चालणारे शरीर, जमिनीवर घातलेली कवचाची अंडी, यांतून विद्यार्थ्याला काही हाती लागते. (पिल्लांना जन्म देणारे साप आहेत, बघा, पुन्हा अपवाद.) वंशावळ आधी शिकवावी की ओळखीच्या खुणा, यावर माझे स्वतःशीच एकमत होत नाही.

यंदाच्या चाचणीत तोच प्रश्न घातला आहे. पुस्तकाप्रमाणे ‘पाल’ लिहिणाऱ्याला किती गुण द्यायचे, हे अजून ठरलेले नाही.