गोव्यात गाणी ऐकायला जाताय? आधी परतीची गाडी ठरवा

चार दिवसांत चार कार्यक्रम पाहिले. त्यातले तीन मनापासून आवडले. तरी कोल्हापूरला परत आल्यापासून कुणी "काय, कसं झालं गोवा?" विचारलं की तोंडात पहिल्यांदा येतो तो उत्तर गोव्यातल्या आसगावचा रस्ता. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

जानेवारीचा शेवटचा शुक्रवार, रात्रीचे पावणेबारा. मी आणि माझा धाकटा भाऊ आसगावातल्या एका रेस्टॉरंटच्या फाटकाबाहेर उभे. मावशीचं घर म्हापशात, तिथून जेमतेम सहा-सात किलोमीटर. बाहेर तीन टॅक्सी लागलेल्या. पहिल्याने भाडं सांगितलं १४०० रुपये. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "जायचे ७००, रिकामी परत यायचे ७००," त्याने हिशोब मांडला. डॅशबोर्डवर डिजिटल मीटर होता, पण बंद. दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. आकडा तोच. भाऊ म्हणाला, "ताई, मुख्य रस्त्यापर्यंत चालू, तिथं कुणीतरी स्वस्तात मिळेल."

हा सल्ला कुणीही ऐकू नये. आसगावातले आतले रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना दगडी कुंपणं, पायी चालणाऱ्यासाठी वीतभरही जागा नाही. दोन खांबांमागे एक दिवा. समोरून गाडी आली की डोळे दिपतात आणि आपण कुंपणाला पाठ लावून उभं राहायचं. एका वळणावर पाच-सहा कुत्री उठून आली. ओरडायचं नाही, पळायचं नाही, मोबाइलचा उजेड जमिनीवर ठेवून सावकाश पुढे सरकायचं, एवढं लहानपणापासून माहीत होतं म्हणून निभावलं. दोन किलोमीटर चालायला पाऊण तास लागला. मुख्य रस्त्यावर एक टॅक्सी होती. भाडं १४०० रुपये. गपचूप बसलो.

या सगळ्याचं मूळ आदल्या दिवशीच्या नशिबात होतं. गुरुवारी पणजीतला कार्यक्रम सव्वादहाला संपला आणि अ‍ॅपवर वीस-पंचवीस मिनिटांत गाडी मिळाली. म्हापशापर्यंतचे तेरा किलोमीटर आरामात आलो. त्यावरून आम्ही ठरवून टाकलं की गोव्याचं दळणवळण लोक उगाच बदनाम करतात. मावशीने शुक्रवारी दुपारीच विचारलं होतं, "राती परत कशीं येतलीं गो तुमी?" मी म्हणाले, "अ‍ॅप आहे ना मावशी." ती काही बोलली नाही. तिला ठाऊक होतं. ओला-उबर गोव्यात चालत नाहीत. जी अ‍ॅपची गाडी मिळते ती पणजी, म्हापसा, मडगाव, विमानतळ अशा ठिकाणी. किनाऱ्याकडच्या गावांत स्थानिक टॅक्सीवाल्यांचे स्टँड असतात आणि अ‍ॅपचे ड्रायव्हर तिथे यायला बघत नाहीत. आमच्या मोबाइलवर पाऊण तास नुसतं चाक फिरत राहिलं. कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेच्या, पणजी-म्हापसा शटल दिवसा उत्तम, खिडकीवर तिकीट काढायचं आणि बसायचं, पण गाण्याचा कार्यक्रम संपतो तेव्हा त्या केव्हाच थांबलेल्या असतात. पिवळ्या मडगार्डचे मोटारसायकल पायलट, म्हणजे दुचाकी टॅक्सीवाले, तेही अशा वेळी नाक्यावर दिसले नाहीत.

बरं, इतका त्रास ज्याच्यासाठी काढला तो शुक्रवारचा कार्यक्रम तरी कसा होता? फसवणूक होती. दुसरा शब्द नाही. जाहिरातीत "इंडी नाइट, प्रवेश मोफत" असं होतं. इंडी म्हणजे स्वतःची गाणी स्वतः रचून वाजवणारे. दारात सांगितलं, टेबलासाठी माणशी २००० रुपयांचं किमान बिल. उभं राहून ऐकतो म्हटलं तर उभं राहायला जागाच ठेवलेली नाही. आत गेलो तर बँड नाही, एकच गायक, शेजारी लॅपटॉप, त्यातून मायनस ट्रॅक, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेली वाद्यांची साथ, आणि त्यावर जुनी इंग्रजी गाणी. गोव्यात याला वन मॅन बँड म्हणतात आणि ती कला आहेच; त्या माणसाचा गळा सुरेल होता, सीझनमध्ये आठवड्याचे पाच-सहा दिवस गाऊन तो घर चालवतो. त्याच्यावर माझा काडीचाही राग नाही. राग आहे तो त्याला इंडीचं लेबल लावून आमच्याकडून चार हजार काढणाऱ्यांवर. वर बिलात दहा टक्के सेवाशुल्क. ते काढायला सांगा. ते सक्तीचं नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच तशा सूचना काढल्या आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये त्या उचलून धरल्या. मी शांतपणे सांगितलं, मॅनेजरने कुरकुर न करता काढलं. म्हणजे त्यालाही माहीत होतं.

तेव्हा जाण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा. बँडमध्ये किती जण आहेत? स्वतःची गाणी वाजवणार की कव्हर, म्हणजे दुसऱ्यांची? आणि किमान बिल आहे का? तिसऱ्या प्रश्नाला "येऊन बघा ना" असं उत्तर आलं तर जाऊ नका.

आता गुरुवारबद्दल, कारण गुरुवारसाठी मी हे सगळं पुन्हा करीन.

पणजीतलं जुनं घर, पुढच्या खोलीत तीस-चाळीस खुर्च्या, तिकीट ४०० रुपये. चौघे वाजवणारे: गिटार, बास, ड्रम आणि घुमट. घुमट मी गणपतीच्या आरतीत पुष्कळदा ऐकलंय, पण बास गिटारच्या शेजारी कधी नाही. मातीचं भांडं, दोन्हीकडून उघडं, मोठ्या तोंडावर चामडं ताणलेलं. उजव्या हाताने थाप आणि डाव्या तळव्याने मागचं लहान तोंड झाकायचं-उघडायचं, तसा आवाज वर-खाली होतो. मी दुसऱ्या रांगेत होते, तो तळवा मला स्पष्ट दिसत होता. साउंडवाल्या मुलाने आधी माइक चामड्यासमोर लावला होता आणि नुसती टकटक येत होती. दुसऱ्या गाण्यानंतर तो वाकून आला, माइक मागच्या लहान तोंडाशी नेला, घुमटवाल्याला काहीतरी कानात सांगितलं. पुढच्या थापेला मातीच्या पोटातला तो घुम्म आवाज थेट बरगड्यांत आला. बासवाला वाजवता वाजवता हसला आणि त्याने आपले स्वर कमी करून घुमटाला जागा दिली. अख्ख्या प्रवासाचे पैसे माझ्यासाठी त्या क्षणी वसूल झाले.

कार्यक्रमानंतर घुमटवाल्याशी बोलले. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं लावायचे. घोरपड वन्यजीव कायद्याने संरक्षित, त्यामुळे आता बकऱ्याचं लावतात. राज्य सरकारने २०१९ मध्ये घुमटाला वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. तो म्हणाला, बकऱ्याच्या कातड्याला पावसाळ्यात फार सांभाळावं लागतं, सारखं शेकून ताणावं लागतं. गाणी कोकणीत होती. मराठी माणसाला बारा आणे समजतात, उरलेले चार आणे सुरातून पोचतात. भाषेची भीती बाळगू नका.

एक मात्र सांगते आणि हात जोडून सांगते: अशा खोलीत गप्पा मारू नका. आमच्या मागे पुण्याहून आलेला सात-आठ जणांचा घोळका होता. मराठीतच मोठमोठ्याने उद्याच्या बीचचं ठरवत होता आणि मध्येच हिंदी सिनेमातल्या गाण्याची फर्माईश करत होता. स्वतःचं गाणं घेऊन समोर उभा राहिलेला माणूस आणि आपण त्याच्यापासून चार हातांवर. मला आपल्या लोकांची लाज वाटली.

शनिवारी शहाणे झालो होतो. म्हापशात स्कूटर भाड्याने घेतली, दिवसाचे ५०० रुपये. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असतील तरच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी स्वस्तात देत असेल तर नको म्हणा, पोलिसांनी अडवलं तर भुर्दंड आपल्याला. हेल्मेट मागून घ्या आणि त्याचा पट्टा लागतो का ते तिथेच बघा. गाडी चालवणाऱ्याने त्या रात्री थेंबभरही घ्यायची नाही, बिअरसुद्धा नाही. आणि पणजीकडे जाणार असाल तर लक्षात ठेवा, मांडवी नदीवरच्या अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे. वर चढायच्या आधी डावी-उजवी नीट बघून मांडवीच्या जुन्या पुलांवर जायचं. रात्री पाट्या दिसत नाहीत, दिवसा एकदा जाऊन बघून ठेवा.

शनिवारचा कार्यक्रम साळगावकडे, एका घरामागच्या अंगणात, तिकीट ६०० रुपये. जाहिरातीत वेळ संध्याकाळी सात. आम्ही पावणेसातला हजर. साउंड चेक सव्वाआठपर्यंत चालला, पहिलं गाणं आठ वाजून चाळीस मिनिटांनी. आणि बरोबर दहाला बंद. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही, सभागृहासारख्या बंद जागेची गोष्ट वेगळी. नियम योग्यच आहे, शेजारी म्हातारी माणसं झोपलेली असतात. पण मग सातला सुरू करा! ६०० रुपयांत ऐंशी मिनिटं मिळाली. शेवटचं गाणं नऊ बावन्नला सुरू झालं, मध्ये गिटारची तार तुटली, आणि दहाला साउंडवाल्याने आवाज उतरवला तेव्हा धृपद अजून बाकी होतं. गायिका माइक सोडून पुढे आली, ड्रमरने काठ्या खाली ठेवून मांडीवर ताल धरला आणि साठ-सत्तर जणांनी ते धृपद उघड्या गळ्याने पुरं केलं. मी त्या गाण्याचे शब्द दहा मिनिटांपूर्वी पहिल्यांदा ऐकले होते, तरी म्हणत होते.

तरीही निकाल देते: मोजकेच दिवस असतील तर अंगणातला नको, बंद खोलीतला किंवा सभागृहातला कार्यक्रम निवडा. जास्त वेळ मिळतो आणि आवाज नीट येतो. अंगणातलाच हवा असेल तर आठला जा, जेवून जा, डासांचं मलम लावून जा.

रविवारी मडगावला रवींद्र भवनात दुपारचा तियात्र, म्हणजे गाण्यांसह होणारं कोकणी नाटक, पाहिला. शटलने गेलो, शटलने आलो, सगळं सुरळीत. एवढंच सांगते की नाटकाच्या दोन प्रवेशांच्या मध्ये येणारी कांतारं, म्हणजे गाणी, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, बास, ड्रम अशा जिवंत बँडवर होतात आणि चांगल्या कांताराला वन्स मोअर मिळतोच. तियात्राची सुरुवात १८९२ मध्ये मुंबईत झाली. आज ज्याला इंडी म्हणतात, म्हणजे स्वतः लिहायचं, स्वतः चाल लावायची आणि तिकिटावर जगायचं, ते हे लोक तेव्हापासून करतायत.

कधी जावं? ऑक्टोबर ते मार्च. डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सव असतो, तेव्हा ऐकायला भरपूर, पण राहण्याचे दर तोंडाला फेस आणतात. नाताळ ते नववर्ष अजिबात नको. कार्यक्रमांची खबर जवळजवळ सगळी इन्स्टाग्रामवरच, तीही दोन-तीन दिवस आधी. एका बँडला फॉलो केलं की बाकीचे सापडतात, कारण एकच ड्रमर तीन बँडमध्ये वाजवत असतो. कानात घालायचे बोळे जवळ ठेवा, छोट्या खोलीत ड्रमच्या शेजारी जागा मिळाली तर लागतात. बँडचे टी-शर्ट वगैरे विकायला असतील तर घ्या, ते पैसे थेट त्यांच्या हातात जातात.

आणि राहायचं कुठे, हा प्रश्न मला सगळ्यात आधी सुटायला हवा होता. पुढच्या वेळी मावशी रागावली तरी चालेल, पहिल्या दोन रात्री पणजीतच खोली घेणार, मळा किंवा फोंतेन्हासच्या आसपास. कार्यक्रम संपला की पायी दहा मिनिटांत घर. म्हापशाला मावशीकडे दुपारी जेवायला जाईन, शटलने.