पाच महिन्यांचा स्वेटर

नाशिकच्या इंदिरानगरात मी विणकामाचा क्लास घेते. क्लास म्हणजे आमचा हॉल, दोन सतरंज्या आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी प्लास्टिकच्या चार खुर्च्या. वेळ दुपारी दोन ते चार. धुणी-भांडी उरकलेली असतात आणि शाळेची व्हॅन अजून यायची असते. आमचे दीर दर दिवाळीला विचारतात, "यूट्यूबवर सगळं फुकट दिसतं, मग तुमच्याकडे येतं कोण?" मी त्यांच्या ताटात अजून एक चकली वाढते.

आमच्यात नावापेक्षा पत्ता चालतो. लेखानगरच्या काकू, राणेनगर, पाथर्डी फाटा. ही गोष्ट पाथर्डी फाट्याची.

ती आली जुलैत. लोकरीचं कुणी नावही काढत नाही त्या दिवसांत. गोदावरीला पाणी आलेलं, नदीतला दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला हीच गावभर चर्चा, आणि ही छत्री निथळत दारात उभी. लग्न होऊन नाशिकला आलेली, नवरा अंबडला कंपनीत, पाळ्यांची ड्यूटी. घरात सासू आणि वर्षाचा मुलगा. मुलासाठी स्वेटर शिकायचा होता. चार प्लायची लोकर, बॉर्डरला बारा नंबरच्या सुया, अंगाला दहाच्या, पाठीला 72 टाके. सरावाचा हात असेल तर आठ दिवसांचं काम. नवशिकीला महिना, फार तर दीड.

हिचा हात चांगला होता. टाका ना घट्ट, ना सैल. पंधरा दिवसांत मुंढ्यापर्यंत पोचली. दुसऱ्या दिवशी पिशवीतून काढलं, तर सुईवर नुसती बॉर्डर.

"चुकलं होतं ताई. उसवलं."

आदल्या दिवशी टाके मी स्वतः मोजले होते. चूक नव्हती. पण मी काही बोलले नाही. मग ऑगस्टमध्ये तेच, नवरात्राच्या आधी पुन्हा तेच. शेवटी एकदा सुईवरची नजर न काढता तीच म्हणाली, "आई म्हणाल्यात, स्वेटर होईस्तोवर जा. मग बाळाला सांभाळायचं त्यांच्याच्यानं होत नाही."

विणताना बायका जे बोलतात ते समोरासमोर बसून चहा पिताना बोलत नाहीत, हे मी इतक्या वर्षांत पाहिलंय. डोळे सुईवर असतात, कुणाकडे बघावं लागत नाही. राणेनगरच्या बाईंनी दोन सुलट, दोन उलट करता करताच आपल्या गाठीबद्दल सांगितलं होतं, घरी नवऱ्याला सांगायच्या आधी. आणि आवाज भरून आला की बाई टाके मोजायला लागते. मोजणाऱ्या बाईला मधे हटकायचं नाही, सगळा हिशेब चुकतो. त्यामुळे तेवढा वेळ तिला मिळतो.

तर सगळ्यांना माहीत होतं. पाथर्डी फाटा रात्री उसवते आणि दुपारी विणते, आणि आम्ही सगळ्या त्यात सामील. ऑक्टोबरात तिच्या बाळाला रात्री तापात झटका आला. नवरा रात्रपाळीला. तिने फोन लावला तो राणेनगरला, आणि त्या दीड वाजता गाडी काढून दोघींना आणि बाळाला दवाखान्यात घेऊन गेल्या. त्यानंतर तर ती एक दिवस आली नाही तरी खुर्च्या-सतरंज्यांवरून विचारपूस सुरू व्हायची.

डिसेंबर लागला. निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर यायला लागला. एका दुपारी बेल वाजली. दारात पाथर्डी फाट्याची सासू. कडेवर नातू, अंगात तयार स्वेटर, त्यावर अस्वलाचं चित्र.

"शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटातून आणला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, थंडी काही थांबायची नाही. पाच महिने झाले. बघावं तरी काय विणकाम चाललंय."

माझी पंचाईत झाली. पाच महिन्यांची फी मी घेतलेली. बाई मुद्दाम लांबवते असं त्या म्हणाल्या असत्या, तर मी कुठल्या तोंडाने नाही म्हणणार होते? "नवा हात आहे, चुकतं कधीकधी," एवढंच पुटपुटले. लेखानगरच्या काकूंनी खुर्ची पुढे केली. राणेनगरकडे बघून त्या जरा ओळखीचं हसल्या, बसल्या आणि सुनेपुढे हात केला.

सुनेने सुया दिल्या. सासूबाईंनी विणलेल्या भागाकडे बघितलंच नाही. गुंडीचं टोक धरून वीतभर लोकर ओढली, ताणली आणि सोडली. ती लगेच आक्रसून पुन्हा कुरळी झाली, कढईत टाकलेल्या शेवईसारखी. उसवलेली लोकर लपत नाही. टाक्यांचा वळसा धाग्यात बसतो. खरी लोकर लडी करून धुवावी, खाली वजन बांधून वाळवावी, म्हणजे बरीचशी सरळ होते. पण बाळाला टोचू नये म्हणून ही घेतली होती अ‍ॅक्रिलिकची, ती ऐकत नाही.

"चारदा तरी उसवलीय," त्या म्हणाल्या.

हॉलमध्ये सुयांचा आवाजही थांबला होता. फक्त बाळ माझ्या लोकरीच्या डब्याचं झाकण आपटत होतं.

"पाचदा," सून म्हणाली.

सासूबाई धागा बोटाभोवती गुंडाळत राहिल्या. "नाशिकरोडला प्रेसच्या क्वार्टरमध्ये होतो आम्ही. दुपारी व्हरांड्यात सहा जणी बसायचो. माझा एक हातमोजा दोन हिवाळे चालला होता." थोडं थांबून म्हणाल्या, "एकाच हाताचा."

काकूंना पहिल्यांदा हसू फुटलं, मग राणेनगरला. मला नाही आलं, माझा जीव अजून फीमध्येच अडकलेला.

"हा राहू दे आता," त्या सुनेला म्हणाल्या. "पोरगं वाढलं, त्याला व्हायचा नाही. माझ्या मापाचा घाल. पूर्ण बाह्यांचा. आणि पुढून वेण्या पाहिजेत."

"वेण्यांना फार वेळ लागतो हो," काकू म्हणाल्या.

"लागू दे. आणि याला घेऊन येत जा इकडेच. मला दुपारी जरा पाठ टेकता येईल."

मी टेप आणली. छाती 38, बाही 17. वहीत लिहून घेतलं. वेण्यांचं विणकाम लोकर खातं, म्हणून 600 ग्रॅमचा अंदाज काढला आणि पाथर्डी फाट्याला विचारलं, रंग कोणता घ्यायचा?

ती मान खाली घालून टाके मोजत होती.